दुसऱ्या नियमासमोरचं शून्य

३ मार्च, सोमवार

नवऱ्याने वही बघून विचारलं, "हे काय नवीन खूळ?" म्हटलं, ऑफिसच्या नोंदीत जे लिहिता येत नाही ते लिहायला. तो म्हणाला, "मग मोठी वही आणायची होतीस."

आज साहेबांनी दूरच्या सोनोग्राफीची चाचणी माझ्याकडे दिली. डोंगरातल्या आरोग्य केंद्रात नर्स पेशंटच्या पोटावर प्रोब फिरवणार, शहरातल्या मोठ्या इस्पितळात डॉक्टरीणबाई ते चित्र त्याच क्षणी बघणार आणि "जरा डावीकडे, आता खाली" असं सांगत जाणार. आठ केंद्रं आहेत. पहिलं केंद्र माझ्या ताईचं. ती तिथे अठरा वर्षं नर्स आहे. मुद्दाम मागून घेतलं असं लोक म्हणतील, पण यादी इस्पितळाची आहे, माझी नाही.

ताईला फोन केला. "म्हणजे तू येणार?" तिने विचारलं.

"मी नाही गं, यंत्र येणार."

"बरं," म्हणाली. मग तिच्याकडे कुणीतरी आलं आणि फोन ठेवला.

६ मार्च, गुरुवार

तिकडे न जाता तिकडची लाइन इथे खोलीत उभी करायची, हे माझं काम. दोन टेबलं मांडली. एकावरचं कॉम्प्युटर म्हणजे ताईचं केंद्र, दुसऱ्यावरचं म्हणजे इस्पितळ. दोघांच्या मध्ये एक जुनं कॉम्प्युटर, त्यात फायरवॉल. एकाकडून दुसऱ्याकडे जाणारं प्रत्येक पॅकेट, म्हणजे माहितीचा तुकडा, या मधल्याच्या हातून जातं. फायरवॉलमध्ये नियमांची रांग असते, शंभर नंबरचा, दोनशेचा, तीनशेचा. पॅकेट वरून खाली एकेका नियमासमोर येतं आणि नियम ठरवतो त्याचं काय करायचं. सोडायचं, अडवायचं, किंवा एखाद्या पाइपात घालायचं. पाइप म्हणजे आपण बनवलेली खोटी लाइन.

मी तीन पाइप केले, कारण खऱ्या रस्त्यात तीन संकटं आहेत. केंद्रापासून टेकडीवरच्या टॉवरपर्यंतचा रेडिओचा रस्ता अरुंद, म्हणून पहिला पाइप अरुंद. टॉवरपासून पुढे उपग्रह, तिथे अंतरच एवढं की जाऊन यायला अर्ध्या सेकंदाहून जास्त लागतं, म्हणून दुसऱ्या पाइपात उशीर. आणि ढग आले की काही पॅकेटं हरवतात, म्हणून तिसरा पाइप शंभरातली तीन गिळून टाकतो.

आज तिन्ही एकेकटे तपासले. उशिराचा पाइप लावला की उशीर, गळतीचा लावला की गळती. शहाण्या मुलांसारखे वागले.

समोरच्या टेबलावर सबूर बसतो. चित्र पाठवायचा प्रोग्राम त्याचा. कुणीही घाई केली की तो "सबूर" म्हणतो, म्हणून हे नाव. खरं नाव आता पगाराच्या कागदावरच उरलंय.

११ मार्च, मंगळवार

आज तिन्ही पाइप एकामागे एक जोडले. शंभरवर अरुंद, दोनशेवर उशीर, तीनशेवर गळती. सरावाच्या रबरी ठोकळ्यावर प्रोब फिरवला आणि पलीकडच्या पडद्यावर चित्र असं आलं की मी खुर्चीतच उडाले. थोडं धुरकट, पण न अडखळणारं. एवढ्या वाईट लाइनवर! साहेबांना बोलावलं. त्यांनी स्वतः प्रोब धरला, तिघाचौघांना हाका मारून दाखवलं.

सबूर मागे उभा होता. म्हणाला, "फार चांगलं आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे फार चांगलं आहे."

त्याचाच प्रोग्राम चालला आणि त्याच्याच कपाळावर आठी. काही माणसांना दुसऱ्याचं कौतुक पचत नाही. आणि मी नियमांचे आकडे एकदा बघावेत असंही काहीतरी पुटपुटला. मी म्हटलं, तिन्ही पाइप गुरुवारीच तपासलेत.

१४ मार्च, शुक्रवार

अहवालावर सही केली. "केंद्राच्या लाइनवर चित्र वापरण्याजोगे." खाली माझं नाव. साहेब म्हणाले, जूनमध्ये चाचणी विभागाला प्रमुख हवा आहे, मनात असू दे. मनात कसलं, डोक्यावर घेऊन घरी आले. नवऱ्याने विचारलं, "आज एवढी गप्प कशी?" आनंदाने गप्प बसते हे वीस वर्षांत त्याला ठाऊक नाही.

२५ मार्च, मंगळवार

यंत्र केंद्रात लागलं. बसवणारा माणूस परतसुद्धा आला. ताईला फोन केला.

"चित्र कसं येतंय?"

"छान."

"अडकतं का?"

"अगं यंत्र आहे, थोडं इकडेतिकडे चालायचंच. तू जेवलीस का?"

"ताई, आवाज नीट येतो डॉक्टरीणबाईंचा?"

"गोड आवाज आहे त्यांचा."

मी नोंद केली: वापरणारी समाधानी. मग तिला पंधरा मिनिटं समजावून सांगितलं की हे यंत्र आल्यामुळे तिचं काम किती हलकं होणार आहे. तिने सगळं ऐकून घेतलं. ताईचा हा गुण मोठा आहे, ती मध्ये बोलत नाही.

२ एप्रिल, बुधवार

वापराचे आकडे आले. आठवड्यात चारदा यंत्र लावलं, आणि चारही वेळा दोन मिनिटांच्या आत बंद. ताईला विचारलं. म्हणाली, "सध्या पेशंटच कमी आहेत गं."

दुसऱ्या कशावरून तरी बोलता बोलता म्हणाली की दिवसभर उभं राहून पाय सुजतात, दुपारी पाणी प्यायलाही फुरसत नाही. मी तिला पायांचे व्यायाम सांगितले. नोंदीत लिहिलं: पेशंट कमी असल्याने वापर कमी.

९ एप्रिल, बुधवार



दुसरं केंद्र आणखी आत आहे, तिथला उशीर जास्त. म्हणून आज दोनशेच्या नियमातल्या पाइपाचा उशीर दुप्पट केला. चित्रात काही फरक नाही. तिप्पट केला. नाही. मग चेष्टा म्हणून पाच सेकंद लिहिले. प्रोब हलवला आणि पलीकडे चित्र हललं. तत्काळ.

पाच सेकंद उशीर लावलेला आणि चित्र तत्काळ.

नियमांचे आकडे मागवले. कुठल्या नियमासमोर किती पॅकेटं आली ते फायरवॉल मोजून ठेवतं. शंभर नंबरसमोर लाखांत आकडा. दोनशेसमोर शून्य. तीनशेसमोर शून्य.

दुपारी पुस्तिका काढून वाचली. तिथे चार ओळींत लिहिलंय. पॅकेट एका पाइपातून बाहेर आलं की फायरवॉल समजतं, झालं याचं काम, आणि त्याला सोडून देतं. ते परत रांगेत येऊन पुढच्या नियमासमोर उभं राहावं असं वाटत असेल तर एक आकडा एकाचा शून्य करावा लागतो. मी केला नव्हता. माझं प्रत्येक पॅकेट पहिल्या पाइपातून निघून थेट बाहेर पडत होतं. उशीर त्याला भेटलाच नाही, गळतीशी गाठ पडली नाही. एकेकटे पाइप तपासताना प्रत्येक जण पहिलाच होता, म्हणून तिघंही पास.

म्हणजे ज्या लाइनवर मी सही केली ती लाइन नव्हतीच.

कुणाला सांगितलेलं नाही. सबूर आज रजेवर होता. हे लिहायला लाज वाटते, पण मला बरंच वाटलं.

१० एप्रिल, गुरुवार

सकाळी लवकर जाऊन आकडा बदलला. सगळंच बंद पडलं, एक पॅकेट पलीकडे जाईना. क्षणभर वाटलं, आता हेही मोडलं. मग कळलं. पॅकेटं आता खरोखर शंभर, दोनशे, तीनशे पार करत रांगेच्या शेवटापर्यंत येत होती आणि शेवटचा नियम असतो 'बाकी सगळं अडवा'. इतके दिवस तिथवर कुणी आलंच नव्हतं. त्याच्याआधी 'जाऊ दे' असा नियम घातला. वाहतूक सुरू झाली.

आणि मग चित्र बघितलं.

ते चित्र नव्हतं. एक तुकडा यायचा, गोठायचा, दोनतीन सेकंदांनी दुसरा यायचा. सबूर येऊन शेजारी बसला. त्याला वेगळं काही सांगावं लागलं नाही, तो आकडे वाचत होता. म्हणाला, "हरवलेला तुकडा माझा प्रोग्राम परत मागवतो. मागणी पोचायला पाव सेकंदाहून जास्त, तुकडा यायला पुन्हा तेवढाच वेळ. तोवर मागचे सगळे ताटकळत. जितका वेळ चालू ठेवाल तितकं मागे पडत जाणार." आवाज मात्र तुटक का होईना, वेळेवर येत होता. हरवलेला आवाज कुणी परत मागवत नाही.

साहेबांकडे गेले नाही. दारापर्यंत जाऊन पाणी पिऊन परत आले. मनात काय आलं ते खरं लिहायचं म्हणून लिहिते: गुपचूप दुरुस्त करू, नवा प्रोग्राम 'सुधारित' म्हणून पाठवू, कुणाला कळणारही नाही. मग दुसरं आलं: कदाचित खरी लाइन माझ्या आकड्यांपेक्षा चांगली असेल. ताईला फोन केला.

"ताई, खरं सांग, यंत्र चालतंय ना?"

"छान चालतंय गं. काळजी करू नकोस."

छातीवरचा धोंडा उतरला. सबूरला जाऊन सांगितलं, प्रत्यक्षात चालतंय, आपलेच आकडे जास्त कडक आहेत.

त्याने चष्मा पुसला. "तुझी बहीण तुला कधी वाईट बातमी सांगते का?"

"तू तिला ओळखत नाहीस."

"मी नाही ओळखत," तो म्हणाला.

११ एप्रिल, शुक्रवार

कालचं वाक्य डोक्यातून जात नाही. शेवटच्या वर्षाच्या परीक्षेच्या वेळी आई इस्पितळात होती. मी होस्टेलमधून रोज फोन करायचे. ताई म्हणायची, "बरी आहे, झोपलीय." सहा पेपर संपल्यावर घरी गेले तर आईला जाऊन नऊ दिवस झाले होते.

मी तेव्हा महिनाभर ताईशी बोलले नव्हते. ती मात्र रोज माझं ताट वाढत होती.

साहेबांकडून तीन दिवसांची सुट्टी घेतली. कारण विचारलं तर म्हटलं, बहिणीकडे जातेय. खोटं नव्हतं.

१५ एप्रिल, मंगळवार

काल दिवसभर बस, आज सकाळी केंद्राची जीप. ड्रायव्हरने विचारलं, "सिस्टरच्या धाकट्या का तुम्ही? चेहऱ्यावरून नाही, बोलण्यावरून ओळखलं. सिस्टर सांगतात, माझी बहीण बोलायला लागली की मी फोन खांद्याला लावून पट्ट्या गुंडाळून घेते."

केंद्र म्हणजे तीन खोल्या आणि एक लांब व्हरांडा. व्हरांड्यात माणसं बसलेली. मी मोजली, एकतीस. पेशंट कमी आहेत म्हणे!

ताई मला बघून जागच्या जागी थांबली. केस कानाजवळ पांढरे झालेत. "कळवायचं तरी," म्हणाली, आणि आधी नजर गेली ती कोपऱ्याकडे. मीही तिकडे बघितलं. माझं यंत्र स्वच्छ धुतलेल्या पांढऱ्या चादरीखाली होतं. चादरीच्या घड्या काटेकोर, इस्त्री केल्यासारख्या.

"धूळ फार असते," ती म्हणाली.

पुढे काही बोलणार एवढ्यात एका बाईला दोघांनी धरून आणलं. दिवस भरलेले, कळा सुरू. बरोबर तिची सासू. ताईने तिला आडवं केलं, पोटावर दोन्ही हात ठेवले, डोळे मिटले. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "थांब, तुझं यंत्र लावते." मला नीट आठवतं, 'तुझं' म्हणाली.

पुढची दहा मिनिटं जशी झाली तशी लिहून ठेवते.

ताईने प्रोब आधी वर ठेवला, बरगड्यांखाली. डॉक्टरीणबाईंचा आवाज आला, "चित्र येतंय, आता खाली घ्या." ताईने खाली घेतला आणि सांगितलं, "घेतला खाली." तिकडून, "हं, डोकं दिसतंय. डोकं खाली आहे, छान. तिथेच बाळंतपण करा, घाई नको."

मी यंत्राच्या बाजूला उभी होते. पाठवायच्या रांगेत किती माल तुंबलाय तो आकडा माझ्यासमोर होता. चार सेकंद. म्हणजे ताईचा "घेतला खाली" हा शब्द तिकडे पोचला होता, पण चित्र अजून बरगड्यांखालचंच होतं. डॉक्टरीणबाई वरचं डोकं बघत होत्या आणि त्याला खालचं समजत होत्या. त्यांची काही चूक नाही. दोन्ही गोष्टी आम्हीच त्यांना दिल्या होत्या, फक्त वेगवेगळ्या वेळच्या.

मी "ताई," एवढंच म्हणाले.

ती ऐकतच नव्हती. तिने प्रोब बाजूला ठेवून परत हात लावले. शांतपणे म्हणाली, "मॅडम, माझ्या हाताला डोकं वर लागतंय. बाळ पायाळू आहे. मी तिला खाली तालुक्याच्या इस्पितळात नेतेय." तिकडून काहीतरी तुटक आलं. ताईने यंत्र बंद केलं, कसलाही राग न धरता, घरचा दिवा मालवावा तसं.

जीपमध्ये मागे गादी टाकली. बाईला चढवलं, सासू चढली, ताई चढली. खाली जायला अडीच तास. मला म्हणाली, "व्हरांड्यातल्यांची नावं लिहून घे, ज्यांना ताप आहे त्यांना सावलीत बसव, आणि कुणालाही गोळी देऊ नकोस."

मी एकतीस नावं लिहिली. दुपारी पावणेचारला इस्पितळातून फोन आला. पायाळूच होतं. ऑपरेशन झालं. मुलगी. दोघी सुखरूप.

मी यंत्रासमोरच्या स्टुलावर बसून रडले. एक म्हातारा आत डोकावून म्हणाला, "बाई, तुम्हालाही ताप आहे का?"

१६ एप्रिल, बुधवार

ताई सकाळी परतली. मी चहा करून दिला. तो कडू झाला होता, तरी प्यायली.

मी विचारलं, "पहिल्या दिवसापासून असंच होतं?"

"हो."

"मग छान छान काय सांगत होतीस? मी नोंद करत होते, ताई! तुझ्या शब्दावर बाकीच्या सात केंद्रांचे खोके भरले गेलेत."

तिने कप खाली ठेवला. "ते मला ठाऊक नव्हतं. मला वाटलं, इथल्यापुरतंच आहे, मी सांभाळून घेईन. मी त्या चित्रावर कधी विसंबलेच नाही, एकदा लावायचं आणि हाताने बघायचं." मग म्हणाली, "अठरा वर्षांत तू पहिल्यांदाच दर आठवड्याला फोन करायला लागलीस. काय चाललंय, कसं चाललंय विचारायला लागलीस. नाही चालत म्हटलं असतं तर ते बंद झालं असतं."

बंद करायचा प्रश्नच नव्हता. दुरुस्त केलं असतं. एखादं यंत्र बिघडलं म्हणून लगेच कुणी बंद करत नाही, हे मी तिला समजावून सांगितलं. ती हसली आणि व्हरांड्यात गेली.

मग मी माझंही सांगितलं. शून्याचं, सहीचं, आठवडाभर गप्प बसल्याचं. ती एका मुलाच्या गुडघ्याला पट्टी बांधत होती. वर न बघता म्हणाली, "सांग जाऊन. आजच निघ. बाकीच्या सात ठिकाणी माझ्यासारख्या म्हाताऱ्या नर्स नाहीत, नवीन मुली आहेत. त्या पडद्याचं ऐकतील."

२१ एप्रिल, सोमवार

साहेब दौऱ्यावरून आज परतले, त्यांना सांगितलं. आधी पाठ केलेलं सगळं विसरले आणि उलट्या टोकाने सुरुवात केली, बाईपासून. बाळ पायाळू होतं, पडद्यावर डोकं खाली होतं. मग शून्य.

त्यांनी उठून दार लावून घेतलं. "कुणाकुणाला माहीत आहे?"

"मला. सबूरला. आता तुम्हाला."

"इस्पितळाला लिहू की काही सुधारणा करतोय, तोवर जपून वापरा."

"सुधारणा नाही साहेब. चूक आहे, माझी आहे. सुधारणा म्हटलं तर ते वापरत राहतील आणि नव्याची वाट बघतील."

साहेब वाईट माणूस नाहीत. त्यांचे ओठ हलले, बहुधा ते पत्राची वाक्यं जुळवत होते. शेवटी म्हणाले, "तू लिही. सही मी करतो." मी म्हटलं, दोघांची असू दे.

खोके थांबले. जूनच्या प्रमुखपदाचा विषय ना त्यांनी काढला, ना मी. बाहेर आले तर सबूर दाराशी. त्याला म्हटलं, तुला तेव्हाच कळलं होतं ना?

"शंका होती. आकडे बघ म्हणालो होतो."

"जोरात का नाही म्हणालास?"

"तू साहेबांना हाका मारत होतीस. इतकी खूश होतीस," म्हणाला. "चूक माझीही झाली." एवढं बोलून जागेवर जाऊन बसला.

२७ मे, मंगळवार

महिनाभर लिहायला सवड नव्हती. डॉक्टरीणबाई तीनदा येऊन बसल्या. त्यांना चित्राच्या वेळेचं सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. म्हणाल्या, "मी त्या सिस्टरांना 'घाई नको' म्हणाले होते." मी म्हटलं, आम्हीच म्हणायला लावलं.

आता हलतं चित्र नाहीच. नर्सने बटण दाबलं की एक स्थिर चित्र जातं, आणि प्रोब पोटावर कुठे होता ते त्याच चित्रावर कोरलेलं. आवाज आणि चित्र यांची गल्लत व्हायला जागाच नाही. चित्र जुनं झालं तर त्यावर आडवी रेघ येते. शिवाय अरुंद लाइनवर चित्राआधी आवाजाला वाट. सबूरने सगळं परत लिहिलं, एकदाही कुरकुर न करता. मी एकदा घाई केली तर म्हणाला, "सबूर." ऐकून बरं वाटलं.

रोज सकाळी पहिलं काम: शंभर, दोनशे, तीनशे, तिन्हींसमोरचे आकडे वाढताहेत का. मुद्दाम लाइन आणखी बिघडवते, उशीर वाढवते, गळती दहावर नेते, आणि चित्र मोडेपर्यंत थांबत नाही. कुठे मोडतं ते अहवालात पहिल्या पानावर लिहिलंय.

विभागाला प्रमुख बाहेरून आली. वयाने माझ्याहून सात वर्षांनी लहान, हुशार आहे. पहिल्याच दिवशी म्हणाली, "तुमचं पत्र वाचलं मी." पुढे काही बोलली नाही, पण तिसऱ्या दिवशी तिच्या स्वतःच्या चाचणीची कागदपत्रं माझ्या टेबलावर ठेवून गेली, तपासा म्हणून. मला वाईट वाटलं नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. दोन दिवस वाटलं.

१२ जून, गुरुवार

ताईकडे नवं लागून आठ दिवस झाले. मी फोन करायच्या आधी तिचाच आला. भर दुपारी, कामाच्या वेळेत.

"वही घे," म्हणाली.

"का?"

"तक्रारी आहेत. लिही."

मी हीच वही ओढली. पानच्या पान भरलंय, तसंच ठेवते. बटण फार लहान, हातमोजे घातले की दाबलं जात नाही. आडवी रेघ फिकट, उन्हात दिसत नाही. पोटाच्या नकाशावर जुळ्यांसाठी जागा नाही. बीप बीप आवाजाने लहान मुलं घाबरतात. वायर आखूड, पेशंटला यंत्राकडे सरकवावं लागतं, यंत्राने पेशंटकडे यायला हवं. मंगळवारी एक चित्र पोचायला चाळीस सेकंद लागले आणि पडद्यावर नुसतं चाक फिरत होतं, त्यापेक्षा 'पोचलं नाही' असं सरळ लिहा. डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत पण भराभर बोलतात.

लिहिता लिहिता माझा हात दुखायला लागला. एवढं तिला सलग बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. सात झाल्यावर विचारलं, "संपलं?"

"अजून एक आहे. यंत्राचं नाही."

"बोल."

"तू मला बोलू देत नाहीस. फोन केलास की तूच विचारतेस आणि तूच उत्तर देतेस. पाय सुजले म्हटलं तर व्यायाम सांगितलेस. नुसते पाय नाहीत गं, मला दोन वर्षं बीपी आहे, आणि मला इथे आता एकटीला झेपत नाही."

मी "अगं पण ताई" असं म्हणायला तोंड उघडलं. गोळ्या कुठल्या घेतेस, कुणाला दाखवलंस, मला आधी का नाही सांगितलंस, सगळं जिभेवर आलं होतं.

पेन खाली ठेवलं. फोन दुसऱ्या कानाला लावला.

"सांग," म्हटलं, आणि मग गप्प बसले.

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग तिने सांगायला सुरुवात केली, आणि सव्वा तास सांगत होती.